जुन्या संगणकाची रॅम घरच्या घरी कशी वाढवायची?

संगणक चालू करून ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या, की कॅबिनेटमधून हार्डडिस्कची कुरकुर सुरू होते आणि माऊससुद्धा अडखळायला लागतो. रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी वेगवान मेमरी. तिच्यात जागा उरली नाही, की विंडोज काही माहिती हार्डडिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तशी परत आणते. हार्डडिस्क रॅमच्या मानाने फारच संथ, म्हणून सगळं रखडतं. रॅमची एक पट्टी वाढवली तर हाच संगणक आणखी काही वर्षं सहज चालतो.

रॅमच कमी पडतेय ना, हे आधी बघा. विंडोज १० असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि त्यात ‘मेमरी’ उघडा. रोजची कामं चालू असताना आकडा ८५-९० टक्क्यांवर राहत असेल, तर रॅम वाढवायलाच हवी. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के, असं दिसलं तर रॅमऐवजी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क घ्या. मेमरीच्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’, म्हणजे पट्ट्यांच्या किती जागा भरल्या आहेत, ते लिहिलेलं असतं. तिथे दोनपैकी एक वापरात असेल, तर जुनी पट्टी न काढता दुसरी बसवता येईल.

आता ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ या वाटेने जाऊन विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते पाहा. हे न बघता मी आमच्या घरच्या २ जीबीच्या संगणकात ४ जीबीची पट्टी घातली होती, आणि वापरता येण्याजोगी मेमरी दिसली सव्वातीन जीबी! घरगुती वापराची ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पलीकडे जातच नाही. त्यासाठी ६४ बिट विंडोज नव्याने टाकावी लागते, आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यावी लागतात.

खरी चूक होते ती खरेदीत. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या, पण दोन्हींच्या पट्ट्यांना २४० पिना असतात, त्यामुळे त्या सारख्याच वाटतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि विजेचा दाबही वेगळा, १.८ आणि १.५ व्होल्ट. डीडीआर४ ला २८८ पिना. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा: ‘पीसी३-१०६००’ म्हणजे डीडीआर३, १३३३ वेगाची. सोबत १६०० ची लावली तरी चालते, फक्त दोन्ही १३३३ नेच धावतात. मदरबोर्डाचं, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाचं मॉडेल शोधून त्याची रॅमची कमाल मर्यादाही बघा; जी४१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) बोर्डांना साधारण ८ जीबीच चालते, एच६१ च्या बोर्डांना १६.

स्वस्तातल्या पट्ट्यांपासून मात्र सांभाळा. काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर चालतात, इंटेल प्रोसेसरच्या बोर्डावर संगणक सुरूच होत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की गावातलं दुकान, जुनी पट्टी काढून सोबत न्या, दुकानदाराला बोर्ड सांगा आणि चालली नाही तर बदलून मिळेल असं बिलावर लिहून घ्या.

बसवायला दहा मिनिटं पुरतात. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट आडवं ठेवून झाकण उघडा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावल्याशिवाय पट्टीला हात लावू नका, कारण अंगावरच्या स्थिर विजेने चिप जळू शकते. पट्टी नेहमी कडांनी धरा.

स्लॉटचे खटके बाहेर ढकला. पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर नेमकी येऊ द्या आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. पहिल्यांदा भीती वाटेल एवढा जोर लागतो, पण खाच जुळली असेल तर निर्धास्त दाबा. ‘खट्’ आवाज होऊन खटके आपोआप मिटले, की पट्टी बसली. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर जोडी एकाच रंगाच्या स्लॉटमध्ये लावायची असते.

चालू केल्यावर नुसतंच बीप-बीप वाजलं, पडदा काळा राहिला, तर घाबरू नका. वीज पुन्हा काढा, पट्टी बाहेर घ्या, सोनेरी पिनांवरून स्वच्छ पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, कण झटकून परत बसवा. कोकणासारख्या दमट हवेत जुन्या पट्टीच्या पिनांवर थर साचतो, त्यामुळे तीही अशीच पुसून घ्या. तरीही नाही जमलं तर एकेक पट्टी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहा, दोष कुठे आहे ते कळेल.

सुरू झाला, तर टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा बघा. मग ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून चालवा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तपासणीला वेळ लागतो, म्हणून रात्री झोपताना लावलेली बरी. सकाळी त्रुटी दिसली, तर पट्टी आणि बिल घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा.