एका स्पेसने खाल्लेली संध्याकाळ

सिडकोतल्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. दिंडोरीच्या मामांच्या द्राक्षबागेचे फोटो एका फोल्डरात हलवायला बॅश स्क्रिप्ट (एकामागून एक चालणाऱ्या कमांड) लिहिली: फॉर लूप, म्हणजे एकेका फाईलचं नाव 'एफ' या व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, आत एमव्ही, म्हणजे फाईल हलवायची कमांड. चालवली, तर एरर: 'बाग' नावाची फाईल नाही, '12.जेपीजी' नावाची फाईल नाही. अरे, समोर तर दिसतेय! सीएचमॉड करून फाईलच्या परवानग्या बदलल्या, सुडो लावून ॲडमिनच्या अधिकारानंसुद्धा चालवून पाहिलं (नका करू असं).

शेवटी एमव्हीच्या आधी एको लिहिलं. म्हणजे कमांड चालत नाही, नुसती छापली जाते. तेव्हा कळलं. मामा फाईलला 'बाग 12' असं नाव देतात, आणि अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या व्हेरिएबलमध्ये स्पेस आली की शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, इथे बॅश) नावाचे तुकडे पाडतो. व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं घातली, एको काढलं, फोटो जागेवर. एकेरी चिन्हं मात्र चालत नाहीत. त्यांत डॉलर एफ (म्हणजे व्हेरिएबल) तसाच राहतो, त्याच्या जागी फाईलचं नाव येत नाही.