गिअरबॉक्सवाल्याच्या भिंतीवरच्या फ्रेमा कशा वाचायच्या

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बसला की सर्व्हिस सेंटरवाले बरेचदा सरळ नवीन असेंब्लीचं एस्टिमेट हातात देतात, आणि तो आकडा बघून माणूस बाहेरचं गॅरेज शोधायला निघतो. बडोद्यात गिअरबॉक्स उघडणारे आहेत, त्यातले काही खरंच चांगले आहेत. पण आत गेलं की काउंटरमागे फ्रेमांची रांग, अमुक असोसिएशन, तमुक चेंबर, आयएसओ, एखादं सोनेरी सील, आणि मालक म्हणतो, "चिंता ना करो साहेब, आपणे तो मेंबर छीए." कागद खोटे असतीलच असं नाही, पण प्रत्येक कागद वेगळं काहीतरी सांगतो आणि आपण सगळ्यांना एकच मान देऊन बसतो.

म्हणून पहिलं काम, मालकाला विचारून भिंतीचा मोबाइलवर फोटो घ्या. घरी येऊन तीन गट करा. ज्याला फक्त फॉर्म भरावा लागतो ती नोंदणी. ज्याला फी भरून नियम मान्य करावे लागतात ती मेंबरशिप. आणि ज्यासाठी कोणीतरी बसून परीक्षा दिलीय ते सर्टिफिकेट.

नोंदणीवर फार वेळ घालवू नका. गुमास्ता लायसन्स म्हणजे दुकान कायदेशीर आहे, एवढंच. उद्यमची, म्हणजे छोट्या-मध्यम धंद्यांची सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, फुकट आहे आणि मालकानंच दिलेल्या माहितीवर होते, त्यामुळे त्या फ्रेमवर सरकारी शिक्का दिसला म्हणून भारावून जायचं कारण नाही. जीएसटी नंबर मात्र बघाच, १५ अक्षरी असतो, गुजरातचा २४ ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय ते लगेच दिसतं. नंबर नसलेला छोटा मिस्त्री असला तर तोही चालेल, पण मग त्यानं बिलात जीएसटी लावायचा नाही. आयएसओ ९००१ असेल तर ते कामाच्या पद्धतीबद्दल असतं, क्लच प्लेट नीट बसवली का याबद्दल नाही.

आता मेंबरशिप, खरी गंमत इथे आहे. कागदावर चालू वर्ष आहे का ते बघा, कारण फी भरणं थांबलं तरी फ्रेम कोणी उतरवत नाही. मग असोसिएशनच्या ऑफिसात स्वतः फोन करा, दुकानदाराकडून मिळालेला नंबर नको, तुम्ही शोधलेला. विचारायचं एवढंच, हे गॅरेज तुमचं मेंबर आहे का, मेंबर व्हायला काय लागतं, आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली तर तुम्ही काय करता. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प झाला तर ती मेंबरशिप धंदेवाल्यांच्या आपसातल्या कामाची आहे, तुमच्या नाही. यात वाईट काही नाही. आपल्या बडोद्यातली फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीज १९१८ पासूनची आहे, मान मोठा, पण अशा संस्था उद्योगांचे प्रश्न सरकारपुढे मांडायला असतात, तुमच्या सीव्हीटीत, म्हणजे पट्टा-पुलीवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात, कुठलं ऑइल गेलं ते बघायला नाही.

निव्वळ गिअरबॉक्सवाल्यांची संस्था कशी असते ते बघायचं तर अमेरिकेतली ॲट्रा बघा, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन रीबिल्डर्स असोसिएशन, १९५४ सालची. आपल्याकडे घराघरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे, सेकंडहँड गाडी घेतं आणि वर्षभरात ट्रान्समिशन घसरतंय म्हणून फोन येतो, तेव्हा हे कामाला येईल. तिथल्या मेंबर गॅरेजचा मेकॅनिक अडला तर त्याला टेक्निकल हॉटलाइन आहे, बुलेटिनं आहेत, गिअर्स नावाचं मासिक आहे. शिवाय गोल्डन रूल वॉरंटी असते, ती दिली असेल तर गाडी दुसऱ्या शहरात बंद पडली तरी तिथलं मेंबर गॅरेज ती मानतं. पण "दिली असेल तर", म्हणून नुसता लोगो बघून खूश व्हायचं नाही, वॉरंटी किती महिने ते बिलावर लिहिलंय का ते बघायला सांगा. बीबीबीचं, म्हणजे बेटर बिझनेस ब्युरोचं, रेटिंग दाखवतात, ती सरकारी संस्था नाही आणि ॲक्रेडिटेशनला फी असते, हेही सांगून ठेवा.

यातून मला इथल्या गॅरेजसाठी सगळ्यात कामाचा वाटणारा प्रश्न निघतो. मिस्त्रीला विचारा, "अडलात तर कोणाला विचारता?" चांगला माणूस चिडत नाही. कोणी पुण्यातल्या उस्तादाचं नाव घेतो, कोणी मेकॅनिकांचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवतो, कोणी स्कॅनरसोबत घेतलेलं डेटाचं सबस्क्रिप्शन. "आपल्याला विचारायची गरजच पडत नाही" असं उत्तर आलं तर मी गाडी वळवून घेईन, कारण या कामात माहितीच सगळं असते. कित्येक गिअरबॉक्सात ऑइलची लेव्हल ठरावीक तापमानालाच बघायची असते, सीव्हीटीला तिचं स्वतःचं ऑइल लागतं, काम झाल्यावर स्कॅनर लावून रीलर्न करावं लागतं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला गिअरबॉक्सची नवी सेटिंग शिकवावी लागते, आणि हे अंदाजानं केलं की महिन्याभरात गाडी परत त्याच पिटवर.

परीक्षेचं सर्टिफिकेट असेल तर त्यावरचं नाव वाचा. परीक्षा माणूस देतो, दुकान नाही. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड दोन वर्षांचा, चांगला पाया आहे, पण तो मुलगा अजून तिथेच कामाला आहे का? आणि तुमचा गिअरबॉक्स तोच उघडणार आहे का? अमेरिकेत एएसई नावाची १९७२ पासूनची संस्था मेकॅनिकांची परीक्षा घेते, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचा पेपर ए२, मॅन्युअलचा वेगळा, आणि सर्टिफिकेट ५ वर्षांनी संपतं, मग ते रिन्यू करावं लागतं. आपल्याकडे निदान एवढं विचारा की तुमच्याच जातीचा गिअरबॉक्स, म्हणजे एएमटी की सीव्हीटी की डीसीटी (दोन क्लचवाला), त्यानं आधी केलाय का, कारण एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, वर ॲक्चुएटर, ते जमतं म्हणून डीसीटी जमेल असं अजिबात नाही.

शेवटी एस्टिमेट लेखी घ्या, वॉरंटी महिने आणि किलोमीटर दोन्हीत लिहून घ्या, आणि काढलेले जुने पार्ट्स परत मागायचे हे गाडी देतानाच सांगा. ज्या असोसिएशनचा लोगो बिलावर आहे तिचं नाव त्याच बिलाच्या फोटोत येऊ द्या. वाजलंच तर पहिली लेखी तक्रार गॅरेजला, दुसरी त्या असोसिएशनला, मग नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे ५ लाखांपर्यंतच्या कामाला केस टाकायची फी लागत नाही.