इंदूरात दोघांचा एक दिवस: राजवाडा, नाटक नि सराफा
सोमवार सोडूनच प्लॅन करा, लालबाग पॅलेस त्या दिवशी बंद असतो. सकाळी आधी पोहे-जलेबी, मग राजवाडा, सात मजली, खालचे तीन दगडी नि वरचे चार लाकडी, आत जाण्याआधी चौकातूनच नीट बघून घ्या. लालबाग दुपारी उरका. नाटक हवं तर सानंद न्यासाचे, म्हणजे इंदूरात मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेचे, प्रयोग कधी आहेत ते आधी बघा आणि त्यावरच तारीख ठरवा, उलटं केलंत तर फसाल, आमच्या घरी यावरून अबोला झालाय! नाटकाआधी पोटभर जेवू नका हं, कारण सुटल्यावर सराफ्यात जायचंय, सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाऊगल्ली भरते, भुट्ट्याचा कीस एकच प्लेट घ्या दोघांत, थंडीत गराडू (तळलेला, मसाला लावलेला कंद), आणि जलेबा, म्हणजे भली मोठी जलेबी, शेवटी.