टीपीआर-बीपी (ताप, पल्स, श्वास आणि रक्तदाब) नीट कसं घ्यायचं, आणि आलेल्या आकड्यांवरून काय ओळखायचं

वॉर्डात पोस्टिंगला नवीन आलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी सांगते की श्वास मोजा, खरंच मोजा. ताप, पल्स, बीपी सगळे घेतात कारण हातात काहीतरी यंत्र असतं, पण रेस्पिरेशनच्या रकान्यात अख्ख्या वॉर्डाला २० लिहून मोकळे होतात, आता चाळीस पेशंटचा श्वास एकसारखा २० कसा असेल सांगा. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा पहिल्यांदा हाच आकडा वाढतो, बीपी तर शरीर बराच वेळ ओढूनताणून धरून ठेवतं आणि ते पडतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मोजायचा कसा, तर पेशंटला अजिबात सांगायचं नाही. सांगितलं की माणूस मुद्दाम सावकाश श्वास घेतो. पल्स मोजून झाली तरी मनगट सोडू नका, तसंच धरून ठेवा आणि नजर छातीवर न्या, थंडीत गोधडी-शाल असेल तर त्याच हातासकट आपला हात पेशंटच्या पोटावर अलगद ठेवा, हलताना बरोबर कळतं. पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एक श्वास चुकला की सरळ ४ चा फरक पडतो. मोठ्या माणसाला १२ ते २० ठीक, २१ किंवा पुढे गेलं की लक्ष ठेवायचं, २५ किंवा जास्त असेल तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, आणि ८ किंवा कमी असेल तरीही तसंच, खासकरून झोपेचं किंवा मॉर्फिनसारखं औषध दिलं असेल तर. आकड्यासोबत बघायचं की नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ आहे आणि तरी श्वास खोल आणि भरभर चाललाय, तर "सॅच्युरेशन छान आहे" म्हणून पुढे जाऊ नका, डायबेटिसच्या किंवा किडनीच्या पेशंटमध्ये रक्तात ॲसिड वाढलं की असंच दिसतं, शुगर बघा आणि कळवा.

बाळांचं गणित वेगळं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बाळ रडत असेल, दूध पीत असेल तर थांबा, शांत झाल्यावरच मोजा.

पल्सला तीन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. ६० ते १०० नॉर्मल. लय चुकतेय असं वाटलं तर अर्ध्या मिनिटावर थांबू नका, स्टेथो लावून डाव्या बाजूला पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत पूर्ण मिनिट ऐका, शक्य असेल तर त्याच मिनिटात दुसऱ्या सिस्टरला मनगटावर मोजू द्या. मनगटावर कमी आली तर तो फरक लिहून ठेवायचा. आणि पेशंट मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारख्या पल्स संथ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असेल तर रक्तस्राव होत असताना पण पल्स ८० च राहू शकते, म्हणून औषधांचा कागद बघितल्याशिवाय पल्सवर विश्वास टाकू नका.

तापाचं थोडक्यात. काख कोरडी करून थर्मामीटर लावा, हात अंगाशी घट्ट धरायला सांगा, तोंडातल्यापेक्षा काखेतलं साधारण अर्धा डिग्री सेल्सिअस म्हणजे जवळपास एक फॅरेनहाइट कमी येतं, त्यामुळे कुठे घेतलं ते चार्टवर लिहाच. तोंडात घ्यायचं असेल तर चहा पिऊन झाल्यावर निदान १५-२० मिनिटं जाऊ द्या. घामेजलेल्या कपाळावर, पंख्याखाली थर्मामीटर-गन लावून आलेल्या आकड्यावर काहीही ठरवू नका.

आता बीपी, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पेशंट जिना चढून आला, मशेरी लावून आला, लघवी दाबून बसलाय आणि आपण कफ (दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा) गुंडाळतो, मग १५० आलं तर नवल काय. पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात हृदयाच्या लेव्हलला टेबलावर टेकवलेला, आणि मोजताना गप्पा नको (नातेवाईकांनाही सांगा). बाईमाणसांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी बघा, ब्लाउजची बाही वर सरकवली की ती दंडाला करकचून बसते आणि रीडिंग बिघडतं, पडदा ओढून बाही काढायला सांगा, आजी लाजतात पण नीट समजावलं की ऐकतात. कफ दंडाच्या मानाने लहान असेल तर बीपी खोटं जास्त येतं, आतला रबरी फुगा दंडाच्या घेराचा साधारण ८० टक्के भाग झाकेल असा हवा, खालची कड कोपराच्या खळग्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. आधी मनगटाची नाडी धरून फुगवा, नाडी गेली त्याच्या २०-३० वर न्या, मग स्टेथो लावून सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर पाऱ्याच्या वेगाने हवा सोडा. पहिला ठोका वरचा, आवाज पूर्ण बंद झाला तो खालचा. १२८ आलं तर १२८ च लिहा, १३० नको. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेला हात आणि स्तनाचं ऑपरेशन झालेली बाजू सोडायची, सलाईन चालू असलेला हात पण शक्यतो नको.

बीपी वाचताना वरच्या आणि खालच्या आकड्यांमधलं अंतर बघा. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट भरलेले असतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे खूश होतात, घरी कधी सोडणार विचारतात, आणि बऱ्याच वेळा धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. बीपी १००/८० आलं तर वरचा १०० बघून समाधान मानू नका, अंतर २० किंवा कमी म्हणजे शॉककडे (अवयवांना रक्तपुरवठा कमी पडण्याकडे) चाललंय. हातपाय थंड आहेत का बघा, नख दाबून सोडा, रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तिथूनच आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन लावा.

सॅच्युरेशन घेताना मेंदी, नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटं बघा, बोट चोळून गरम करा किंवा दुसरं बोट घ्या, स्क्रीनवरची लाट स्थिर झाल्यावरच आकडा धरा. जुनाट सीओपीडीवाल्या (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार) काही पेशंटना डॉक्टर ८८ ते ९२ चं टार्गेट देतात, तिथे ऑक्सिजन वाढवून ९९ करायला जाऊ नका.

मग हे सगळं एकत्र कसं वाचायचं? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोर) नावाचा स्कोर काढला, त्यात प्रत्येक आकड्याला गुण देऊन बेरीज करायची, २०१७ मध्ये तो सुधारला, १६ वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे, गरोदर बायकांना लावायचा नाही. एक पेशंट घ्या: श्वास २२ (२ गुण), सॅच्युरेशन ९५ (१), ऑक्सिजन लावलेला नाही, वरचं बीपी १०८ (१), पल्स ११२ (२), शुद्धीत, ताप ३८.४ सेल्सिअस (१). एकेक आकडा बघितला तर कोणी घाबरणार नाही, बेरीज मात्र ७, आणि ७ म्हणजे इमर्जन्सी. याच पेशंटचा श्वास न मोजता २० लिहिला असता तर बेरीज ५ झाली असती, डॉक्टर बघायला आले असते पण तेवढ्या घाईने नाही.

फोन करताना "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" एवढंच सांगू नका. "सर, फिमेल मेडिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय, बेड १४, न्यूमोनिया, दुपारी श्वास १८ होता आता २२ आहे, पल्स ९० वरून ११२, बीपी १०८/७०, सॅच्युरेशन ९५, स्कोर ७, तुम्ही येऊन बघाल का, तोपर्यंत सलाईनची लाईन लावून ठेवू का" असं सांगा. मग फोन किती वाजता केला, कोणाशी बोललात आणि काय ऑर्डर मिळाली हे नोट्समध्ये लिहा, आणि डॉक्टर येईपर्यंत दर १५ मिनिटांनी परत सगळं घेत राहा, श्वासासकट.