डिझेल जातं ते ब्रेकखाली

हेवी लायसन्स हातात आलं की नव्या पोराचा पहिला प्रश्न असतो, ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ गाडी एकटी ॲव्हरेज देत नाही. नाशिकहून न्हावाशेवा बंदराला सारखाच माल नेणाऱ्या एकाच मॉडेलच्या दोन दहाचाकी ट्रक घ्या. एक लिटरला साडेतीन किलोमीटर जाते, दुसरी चार. महिन्याचं रनिंग ८००० किलोमीटर धरलं तर पहिलीला जवळपास २८५ लिटर डिझेल जास्त लागतं. ९० रुपये भावाने पंचवीस हजारांच्या वर गेले, आणि मालक तोच, रस्ता तोच.

माझ्या अनुभवात हा फरक ॲक्सिलरेटरपेक्षा ब्रेकवर जास्त ठरतो. २८ टनांची भरलेली गाडी ताशी ६० वर आणायला जे डिझेल जाळलं, ते ब्रेक दाबला की ड्रम तापवण्यात संपतं. पुन्हा थांबल्यापासून ६० गाठायला पाव लिटरहून जास्तच लागतं. असे वीस ब्रेक वाचले तर पाच लिटर वाचले. म्हणून नव्या माणसाला मी आधी नजर शिकवतो. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत बसू नका, तिच्याही पुढे बघा. सिग्नल लाल दिसला, गावाचा गतिरोधक आला, टोलवर रांग दिसली की लांबूनच पाय उचला आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. भिवंडी बायपासला, मानकोलीच्या आसपास गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तिथे पुढे अंतर सोडा आणि खालच्या गिअरमध्ये सावकाश चालत राहा. त्या अंतरात कारवाले घुसतात, घुसू द्या. दहा कार पुढे गेल्या म्हणून बंदराच्या गेटवरचा नंबर फारसा मागे जात नाही.

आता कसारा घाट. इगतपुरी सोडली की न्यूट्रल मारून गाडी सोडून द्यायची, म्हणजे डिझेल वाचतं, असं अजून कितीतरी जुने लोक शिकवतात. हे साफ चूक आहे. आजच्या कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय पूर्ण उचलला की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेलची फवारणीच बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलने बचत होत नाही, उलट खर्च होतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे इंजिनाची पकड जाते, एक्झॉस्ट ब्रेकचा (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या ब्रेकचा) उपयोग उरत नाही आणि सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनरवर येतो. लायनर जळल्याचा वास आला तेव्हा ब्रेक निम्मा गेलेला असतो, आणि वेग वाढल्यावर गिअर परत पडत नाही. काही जण तर चावीच बंद करतात. मग स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. कोणी असं शिकवत असेल तर त्याच्या वयाचा मान ठेवा, पण ऐकू नका. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक लावा. वेग वाढला तरच पायब्रेक नीट दाबा आणि सोडा, पाय त्यावर ठेवून बसू नका.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. बोगद्यामुळे जुना घाट टाळता येतो. उतार मात्र तिथेही आहेच, आणि रस्ता मोकळा म्हणून न्यूट्रलचा मोह उलट वाढतो.

मोकळ्या रस्त्याचा दुसरा मोह वेगाचा. ६० वरून ८० वर गेलात की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताडपत्री ढिली फडफडत असेल तर आणखी. मी सपाटीला वरच्या गिअरमध्ये, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा मीटरवरच्या हिरव्या पट्ट्यात ठेवून साठच्या आसपास चालतो. चढावर काटा पट्ट्याच्या खाली जायच्या आधी गिअर उतरवा. इंजिन कण्हत ओढणं हीसुद्धा बचत नाही.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. काठीने ठोकून अंदाज येतो, माप येत नाही. गेज जवळ ठेवा.

बंदरावर नंबर लागायला तासन् तास जातात. उभ्या गाडीचं इंजिनही तासाला लिटर-दीड लिटर सहज पितं. मोबाइल चार्जिंगसाठी ते चालू ठेवू नका. मे महिन्यात केबिन तापलंय आणि पुढे रात्रभर चालवायचंय, तर एसी लावून खुशाल झोपा. झोप न झालेल्या ड्रायव्हरकडून डिझेल वाचवायची अपेक्षा करणारा मालक हिशेबात चुकतोय.

हिशेब तुमच्याकडेही असू द्या. एकाच पंपावर टाकी फुल्ल, पुन्हा तिथेच फुल्ल, मधले किलोमीटर आणि भरलेलं डिझेल वहीत लिहा. एका खेपेवरून काही ठरवू नका. बरेच मालक मार्गाप्रमाणे ठरलेलं डिझेल देतात आणि वाचलेलं ड्रायव्हरचं मानतात. असं ठरवताना भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं धरायला सांगा. नाशिकहून बंदराकडे भरलेली गाडी बहुतेक उतरते. परत येताना तोच घाट चढायचा असतो, आणि कधी पाठीवर आयातीचा जड कंटेनर असतो. त्या चढाचं डिझेल आधी बोलून घ्या, खेप झाल्यावर नाही.