नागपुरात बसून हायपॉक्सिया शिकताना

पशुवैद्यकाच्या पीजीला फिजिऑलॉजी मिळालेली मुलं दरवर्षी तोच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. इथे बसून कमी ऑक्सिजनवर काय काम होणार? त्यासाठी लेहलाच जावं लागेल ना?" लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशावर येतो, हे खरंच. पण पेशीला उंची कळत नाही. तिच्या दारापर्यंत किती ऑक्सिजन पोचला एवढंच तिला कळतं, आणि तो कमी पडायला, म्हणजेच हायपॉक्सियाला, डोंगर लागतोच असं नाही. झपाट्याने वजन घेणारी ब्रॉयलर कोंबडी किंवा मे महिन्यात आटत चाललेल्या तळ्यातला मासा, दोघांनाही तो इथे विदर्भातच कमी पडतो.

म्हणून नव्या मुलांना मी आधी पेपर वाचायला बसवत नाही, पोस्टमॉर्टेमच्या टेबलाशी उभं करते.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा खाली उतरला की आसपासच्या पोल्ट्री फार्मवरून मेलेले पक्षी यायला लागतात. फार्मवाल्यांची तक्रार ठरलेली. "मॅडम, रोगबिग काई दिसत नाई जी. चांगले गुबगुबीत पक्षीच मरून राहिले. पोट फाडलं तं पानीच पानी." फार्मवाले याला 'पोटात पाणी' म्हणतात, पुस्तकात ॲसायटिस सिंड्रोम. हा आजार आधी उंचावरच्या फार्मवर लक्षात आला होता. पुढे पक्ष्यांची वाढ इतकी वेगवान केली गेली की सपाटीवरही तो दिसू लागला. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाणाऱ्या पक्ष्याच्या स्नायूंची ऑक्सिजनची मागणी अफाट असते. पक्ष्याची फुप्फुसं बरगड्यांना घट्ट चिकटलेली, आपल्यासारखी फुगणारी नव्हेत, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्यांना पसरायला फारशी जागा नाही. त्यात थंडी पडली की शरीर गरम ठेवायला आणखी ऑक्सिजन लागतो. थंडी आत येऊ नये म्हणून पडदे बंद केले की हवा कोंडते. मग तेवढ्याच अरुंद वाहिन्यांतून जास्त रक्त ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या बाजूवर येऊन पडतं.

हे हृदय हातात घेऊन बघा. आधी कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) आणि मोठ्या वाहिन्या कापून टाका, आतल्या गुठळ्या काढा, टिपकागदावर हलकेच टिपा. मग उजव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या कप्प्याची, बाहेरची भिंत दोन जवनिकांमधल्या पडद्याच्या कडेकडेने कापून वेगळी करा. निरोगी पक्ष्यात ही भिंत पातळ, बोटावर लोळणारी असते. आजारी पक्ष्यात ती जाड असते आणि कापल्यावरही आकार धरून उभी राहते. आता पक्ष्याच्या हृदयातली खास गंमत बघा. उजव्या बाजूची कर्णिका-जवनिकेमधली झडप आपल्यासारखी पातळ पापुद्र्यांची नसते, ती स्नायूची एक फळी असते, उजव्या भिंतीचाच भाग. भिंत जाड झाली की झडपही जाड होते, मग ती नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं, यकृतात तुंबतं आणि पोटात पाणी साचतं. म्हणजे ताण झेलायला उजव्या भिंतीने जी जाडी कमावली, त्याच जाडीने झडप निकामी केली. या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न या एका हृदयात दिसतो: शरीराने केलेला बदल कुठपर्यंत सोयीचा, आणि कुठून पुढे तो रोग? माझं मत विचाराल तर एमव्हीएससीची, म्हणजे पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीची, दोन्ही वर्षं या एका प्रश्नावर घालवली तरी ती वाया जाणार नाहीत.

उजवी जवनिका भागिले दोन्ही जवनिकांचं एकूण वजन, एवढंच गणित करायचं. पक्ष्यात ते ०.२५ ते ०.३० च्या पुढे गेलं की उजवी बाजू ताणाखाली आहे असं धरतात. उंदरात थोडं वेगळं करतात: उजवी भिंत भागिले डावी जवनिका आणि मधला पडदा मिळून. याला फुल्टन इंडेक्स म्हणतात. प्रयोगशाळेतल्या निरोगी विस्टार जातीच्या उंदरात तो ०.२५ च्या आसपास असतो, आणि १० टक्के ऑक्सिजनमध्ये तीन आठवडे राहिलेल्यात ०.४ च्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. दहा टक्के म्हणजे साधारण ५,५०० मीटर उंचीवरची हवा. ही आकडेमोड प्राथमिक वाटते, पण सुरी कुठून फिरवायची हे दोन जणांनी वेगवेगळं ठरवलं तर दोन वेगळे निष्कर्ष निघतात. म्हणून एका थिसिसची सगळी हृदयं एकाच हाताने कापावीत, आणि कोणतं हृदय कोणत्या गटातलं हे त्या हाताला माहीत नसावं.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येणारा प्रश्न म्हणजे उजवीच बाजू का, डावी का नाही? उत्तर रक्तवाहिन्यांच्या स्वभावात आहे. ऑक्सिजन कमी झाला की शरीरभरच्या वाहिन्या बहुधा सैलावतात, फुप्फुसातल्या मात्र आकसतात. फॉन ऑइलर आणि लिल्येस्ट्रँड यांनी १९४६ साली मांजरांवर हे दाखवलं. फुप्फुसाचा एखादाच कोपरा हवेविना राहिला असेल तर ही युक्ती झकास, रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळतं. पण सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आकसतात, आणि महिनोन्‌महिने आकसून राहिल्या की त्यांच्या भिंतीत स्नायू वाढतो. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात चरायला नेलेल्या गुरांच्या छातीखाली सूज यायची, त्याला ब्रिस्केट डिसीज म्हणतात. १९१५ साली नोंदवलेला हा रोग म्हणजे उजव्या हृदयाचं हेच थकणं. गाय या बाबतीत फार हळवी, आणि तिचाच नातलग याक त्याहून उंचावर मजेत चरतो. याकच्या फुप्फुसातल्या धमन्या पातळ भिंतीच्याच राहतात, कमी ऑक्सिजनला फारशा आकसत नाहीत. गाईचं शरीर एका आयुष्यात जेवढं जमेल तेवढं करतं. याकचं काम कित्येक पिढ्यांच्या निवडीने आधीच करून ठेवलंय. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, लिहिताना आपण यातलं नेमकं काय मोजणार आहोत हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट असू द्या, नाहीतर कमिटी तिथेच अडवते, आणि बरोबरच करते.

हिवाळ्यात नागपूरभोवतीच्या तलावांवर पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस. लडाख-तिबेटकडे वीण करून हिमालय ओलांडून ते खाली उतरतात. ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांत ७,२०० मीटरच्या वरची उड्डाणंही नोंदली गेली आहेत. यांच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत ११९ व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलनिन आहे, त्यामुळे ते विरळ हवेतला ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं. एवढ्यावर भागत नाही. सपाटीवरच्या हंसांशी तुलना केली तर यांच्या डाव्या जवनिकेत केशवाहिन्यांची दाटी जास्त, आणि उडायच्या स्नायूंत मायटोकाँड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) पेशीच्या कडेला, केशवाहिनीच्या जवळ सरकलेले. तलावावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी म्हणते, पक्षी बघा, पण त्याचं हृदयही डोक्यात असू द्या.

पेशीच्या आतलं प्रकरण तुम्ही एव्हाना वाचलंच असेल, २०१९ च्या नोबेलमुळे ते सगळ्यांना तोंडपाठ झालंय. ऑक्सिजन पुरेसा असला की एचआयएफ नावाचं प्रथिन तयार होताक्षणी मोडीत निघतं. त्याला मोडीची खूण करणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन कमी झाला की खूण होत नाही, एचआयएफ टिकतं आणि शेकडो जनुकं चालू करतं: तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, नव्या केशवाहिन्या काढणारं व्हीईजीएफ, ग्लुकोज वापरणारी एन्झाइम्स. हृदयासाठी यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. निरोगी हृदय मुख्यतः स्निग्धाम्लांवर चालतं, पण तेवढ्याच ऑक्सिजनमधून ग्लुकोज थोडी जास्त ऊर्जा देतं. त्यामुळे बरेच दिवस ऑक्सिजन कमी राहिला की हृदय इंधन बदलतं. तांबड्या पेशींचं मात्र जपून. त्या वाढल्या की रक्त दाटतं आणि तेच ढकलायला उजव्या बाजूला पुन्हा जास्त जोर लावावा लागतो. तिबेटी लोकांत ईपीएएस१ या जनुकाचे जे प्रकार आढळतात, त्यांच्यामुळे हिमोग्लोबिन फार चढत नाही. ते न चढणं हाच तिथे फायदा.

आता प्रत्यक्ष प्रयोग. हवेत नायट्रोजन मिसळून बंद पेटीतला ऑक्सिजन कमी करायचा, ही स्वस्त आणि रुळलेली पद्धत. सोडा लाइम ठेवून कार्बन डायऑक्साइड शोषून घ्या, नाहीतर तुम्ही हायपॉक्सियाचा नव्हे, गुदमरण्याचा अभ्यास करत असाल. आर्द्रतेचीही सोय लागते. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तापमान. ऑक्सिजन कमी झाला की उंदीर स्वतःचं शरीर थंड करतो, खर्च वाचवतो. खोलीचं तापमान बदललं की ही बचत बदलते आणि निकालही. अ‍ॅनिमल हाउसचं तापमान १८ ते २९ अंशांत ठेवायची अट आहे, आणि बाहेर ४५ असताना एसी बंद पडला तर ती अट तासाभरात मोडते. नागपुरात असा प्रयोग एप्रिल-मेमध्ये लावूच नये, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गाईडने घाई केली तरी हे शांतपणे सांगा.

आणखी एक पेच. कमी ऑक्सिजनमध्ये उंदीर कमी खातात, वजन घटतं. मग हृदयाचं वजन भागिले शरीराचं वजन केलं की हृदय वाढलेलं दिसतं, प्रत्यक्षात शरीर घटलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या, हाडाच्या लांबीने भागणे. हाड तीन आठवड्यांत आखूड होत नाही. शिवाय तेवढंच कमी खाणारा, पण साध्या हवेतला एक वेगळा गट ठेवणे. मी थिसिस तपासायला घेतला की आधी हा गट शोधते.

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकाही प्राण्याला हात लावायचा नाही. किती प्राणी आणि तेवढेच का, याचं उत्तर संख्याशास्त्राने द्यावं लागतं. "आधीच्या थिसिसमध्ये सहा होते" हे उत्तर चालत नाही. सुरुवातीला कोंबडीची अंडी हा चांगला पर्याय. २१ दिवसांची उबवण, मध्ये आई नाही, त्यामुळे ऑक्सिजन कमी केल्याचा परिणाम थेट गर्भावर होतो. १५ टक्क्यांच्या आसपास उबवलेल्या अंड्यांत पिल्लाची वाढ खुंटते, हृदयात बदल दिसतात. अर्थात अंड्यांसाठीही समितीला विचारून घ्या.

नायट्रोजनबद्दल कडक शब्दांत सांगते. तो दिसत नाही, वास येत नाही, आणि श्वास कोंडल्यासारखंही वाटत नाही, कारण कोंडल्याची ती भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे येते. गळती झालेल्या बंद खोलीत माणूस काही न कळता कोसळतो. खोलीत ऑक्सिजन मीटर हवा, १९.५ टक्क्यांखाली वाजणारा. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला हवा. रात्री एकट्याने खोलीत जायचं नाही. सोबती आत पडलेला दिसला तर धावत आत शिरायचं नाही, आधी दार-खिडक्या उघडायच्या आणि माणसं बोलवायची.

ज्यांना पिंजरे-सिलिंडर यात पडायचं नाही त्यांनी माशांकडे वळावं. तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, आणि भंडारा-गोंदियाचे तलाव फार लांब नाहीत. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. रात्रभर शेवाळही तो वापरत राहतं, म्हणून पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड वासतात. मरळ, मागूर, शिंगी मात्र थेट हवा घेतात. बाजारात परातीतल्या बोटभर पाण्यात मागूर तासन्‌तास जिवंत राहतो तो याच जोरावर. इथे हृदयाचा मुद्दा असा की कित्येक माशांच्या हृदयाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. शरीरभर फिरून ऑक्सिजन देऊन परतलेलं रक्तच त्याला वापरावं लागतं. पाण्यातला ऑक्सिजन घटला की बहुतेक मासे हृदयाचे ठोके कमी करतात. रक्त आत जास्त वेळ थांबतं, भिंतीला ऑक्सिजन ओढून घ्यायला सवड मिळते. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत १८८८ सालची, खर्च नगण्य. दोन तळी आणि एक ऋतू, एवढ्यात नेटका प्रबंध होतो.

पुढचं थोडक्यात. एमव्हीएससीला आयसीएआरची परीक्षा, झूलॉजीवाल्यांना सीएसआयआर नेट, मेडिकल संस्थांत काम करायचं तर आयसीएमआरची फेलोशिप. या विषयाला वाहिलेल्या जागा मोजक्याच: दिल्लीला डीआरडीओची शरीरक्रियाविज्ञानाची संस्था डिपास, लेहला त्यांचीच उंचावरच्या संशोधनाची डिहार, अरुणाचलमध्ये दिरांगला याकचं राष्ट्रीय संशोधन केंद्र. मुलाखतीला जाताना तीन आकडे तोंडावर असू द्या: ऑक्सिजन किती टक्के, किती दिवस, कोणती ऊती. "हायपॉक्सियावर काम केलं" असं मोघम सांगितलंत की समोरून हे तीनच प्रश्न येतात. आणि सोबत स्वतः कापलेल्या हृदयांचे फोटो, वजनांच्या नोंदवहीसकट, न्या. जेल डॉक्युमेंटेशनमधल्या (जेलवर वेगळ्या केलेल्या प्रथिनांच्या-डीएनएच्या फोटोतल्या) सुरेख पट्ट्या सगळेच दाखवतात.