ट्रॅपीझवर पाय, शीटवर हात: कॅटमरान वाऱ्यावर चढवताना या चुका टाळा

डिंगीवर, म्हणजे एकाच हलच्या (तळाच्या सांगाड्याच्या) छोट्या शिडाच्या बोटीवर, तयार झालेला खलाशी दोन हलच्या कॅटमरानवर आला की बहुतेकदा पहिली चूक हीच करतो: नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडात खुपसतो. बोट वाऱ्याकडे रोखलेली दिसते, म्हणून आपण वर, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, चढतोय असं वाटतं. प्रत्यक्षात ती आडवी सरकत असते. हे सरकणं डॅगरबोर्ड, म्हणजे हलमधून पाण्यात उतरवलेल्या उभ्या फळ्या, रोखतात. होबी १६ या कॅटमरानला तेही नाहीत; तिथे हलचा आतला फुगवटा आणि बाहेरची सपाट बाजू यांवरच सगळी भिस्त. पाण्याकडून मिळणारा हा आधार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग निम्म्यावर आला की आधार चौथाईवर येतो. त्यामुळे आधी वेग, मग चढ.

बोट जड वाटू लागली तर टिलरशी (सुकाणूच्या दांड्याशी) झगडू नका. नाळ वाऱ्यापासून चार-पाच अंश उतरू द्या, शीट (शीड आवळायची दोरी) थोडी सैल करा, जिबच्या (पुढच्या छोट्या शिडाच्या) दोन्ही बाजूंचे टेलटेल, म्हणजे शिडावरचे धागे, सरळ मागे वाहू द्या. वेग आला की हळूहळू वर या आणि येता येता शीट आवळत जा.

शीट क्लीटमध्ये (दोर धरून ठेवणाऱ्या चिमट्यात) अडकवून ठेवणं

डिंगीवर मेनशीट, म्हणजे मुख्य शिडाची शीट, प्रामुख्याने शिडाचा कोन ठरवते. कॅटमरानवर बोट रुंद असल्यामुळे ते काम ट्रॅव्हलर, म्हणजे मेनशीटचं खालचं टोक आडवं सरकवणारी गाडी, करतो. मेनशीटने शिडाच्या मागच्या कडेचा ताण ठरतो, म्हणजे शीड वरच्या भागात किती उघडायचं ते. म्हणून वाऱ्यावर चढताना शीट सतत हातात हवी. एफ १८ सारख्या कॅटमरानवर ती सहसा क्रूकडे (दुसऱ्या खलाशाकडे) असते आणि सुकाणूवरचा फक्त बोट चालवतो. होबी १६ वर दोन्ही कामं सुकाणूवाल्याकडेच असतात.

झोत आला, वाऱ्याकडचा हल उचलला, की घाबरून मीटरभर शीट सोडून देणं ही सर्रास दिसणारी चूक. मागच्या कडेचा ताण गेला की डोलकाठी पुढे येते, जिबची पुढची कड ढिली पडते, हल धपकन पाण्यावर आपटतो आणि कमावलेला वेग जातो. आठपट कप्प्यांच्या शीटमधून हातातला १६ सेंटीमीटर दोर सोडला, तर शिडाचा मागचा कोपरा फक्त २ सेंटीमीटर उठतो. बहुतेक झोतांना एवढं पुरतं. तेवढं सोडा, बोट पुढे झेपावली की लगेच परत घ्या. हल पाण्याला जेमतेम चाटत राहिला पाहिजे, फार तर वीतभर वर. त्याहून वर गेला तर दिसायला छान, पण डोलकाठी कलते, शिडाची ताकद कमी होते आणि बोट खाली घसरते.

दोघंही ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीवरून आलेल्या तारेला लटकून बोटीबाहेर, असून हल खाली बसत नसेल तर आधी डाउनहॉल (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) पूर्ण ओढा. शीड चपटं होतं, वरची कड उघडते. तरीही भागलं नाही तरच ट्रॅव्हलर मध्यापासून थोडा खाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, सोडा. पुष्कळजण हा क्रम उलटा करतात.

हाताने लटकणं

ट्रॅपीझवर बाहेर जाताना तारेच्या हँडलला लोंबकळून अंग ओढणारा दहा मिनिटांत थकतो. वजन हार्नेसवरच (कमरेच्या पट्ट्यावर) पडायला हवं. हार्नेसच्या हुकमध्ये तारेची रिंग घाला आणि तारेवर ताण येईपर्यंत ती बोटांनी हुकमध्ये वर दाबून धरा, नाहीतर सैल रिंग सुटते. कडेवर बसून पूर्ण भार तारेवर टाका. पुढचा हात हँडलवर, मागचा हात हलच्या कडेवर. पुढचं पाऊल कडेवर ठेवून ढकला, मग मागचं. शिकताना तारेची लांबी किनाऱ्यावरच तपासा: हुकवर बसल्या अवस्थेत लटकल्यावर बूड डेकपासून मूठभर वर राहिलं पाहिजे. पाय स्थिर झाले की तार थोडी थोडी लांब करा. अंग जितकं आडवं, तितका जोर जास्त. पण लाटा पाठीवर आदळू लागल्या तर रिंग लगेच वर घ्या. पाण्याचा प्रत्येक फटका बोटीला ब्रेक लावतो.

पुढच्या पायाकडे खास लक्ष द्या. तार डोलकाठीवरून येते आणि आपण डोलकाठीच्या मागे उभे असतो, म्हणून ती आपल्याला सतत पुढे खेचते. नाळ लाटेत घुसून बोट अडखळली की अंग पुढे फेकलं जातं आणि माणूस नाळेला वळसा घालून पाण्यात पडतो. पुढचा पाय सरळ, त्याचा चवडा किंचित पुढे वळलेला. मागचा गुडघा थोडा सैल. पायांत खांद्यांएवढं अंतर. दोघांनी एकमेकांना खेटून उभं राहावं. अंतर पडलं तर बोट पुढेमागे डुलते. मागे पाणी खळखळत ओढलं जात असेल तर दोघांनी एक पाऊल पुढे सरका, नाळ बुडू पाहत असेल तर मागे. वारा क्षणभर पडला तर आत धावू नका, गुडघे वाकवा.

हार्नेस जुना असेल तर तोही बघा. १ जानेवारी २०२३ पासून शर्यतीच्या नियमांनुसार ट्रॅपीझ हार्नेसला भार असतानाही झटकन सुटण्याची सोय असावीच लागते. उलटलेल्या बोटीखाली हुक अडकला की तिची किंमत कळते.

टॅक करताना (नाळ वाऱ्यातून पलीकडे नेताना) सुकाणू आडवं मारणं

कॅटमरान हलकी, म्हणून साठवलेला वेग पटकन जातो. सुकाणू झटक्याने पूर्ण वळवलं तर तेच ब्रेक होतं. पूर्ण वेगात असतानाच, हळू सुरुवात करून मग वाढवत वळा. आत येताच हुक सोडा; हुकसकट पलीकडे निघणं ही नेहमीची चूक आहे. नाळ वाऱ्याच्या रेषेत आली की मेनशीट अर्धा मीटर सोडा, नाहीतर आवळलेलं शीड बोटीला वाऱ्यात रोखून धरतं. जिब जुन्याच बाजूला ठेवा, वारा उलटा भरून त्याने नाळ पलीकडे ढकलली की मग सोडा.

तरीही अडकलात आणि बोट मागे सरकू लागली, तर सुकाणू उलटं चालतं: नाळ ज्या बाजूला वळवायची, टिलर त्याच बाजूला ढकला, जिब विरुद्ध बाजूला धरा, मेन मोकळं सोडा. नाळ पुरेशी वळल्यावर टिलर मध्यावर आणा, जिब नव्या बाजूला घ्या आणि बोट पुढे सरकू लागल्यावरच मेनशीट ओढा.